इंगळेबाईंचा तिबेटचा ठराव

अकोल्यात स्वेटर घालून घाम पुसणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आमच्या इंगळेबाई!

आता अकोल्याची थंडी ती काय असणार? दिवाळीनंतर जरा चुणूक दाखवते, संक्रांतीपर्यंत कशीबशी तग धरते, आणि मग ऊन पुन्हा डोक्यावर बसतं. पण बाईंच्या अंगावरचा तो मरून रंगाचा, जाड विणीचा स्वेटर होळीपर्यंत उतरायचा नाही. स्टाफरूममध्ये पंखा गरगरतोय, आम्ही मास्तरमंडळी हातातल्या पेपरांनीच वारा घेतोय, आणि बाई पदरानं कपाळ टिपत वह्या तपासताहेत. कोणी म्हटलं, "बाई, काढा ना तो आता," की उत्तर ठरलेलं.

"थंडी नसली म्हनून काय झालं? दुकान तं त्यायचं हाय ना!"

त्यायचं म्हणजे तिबेटी लोकांचं. दरवर्षी दिवाळी आटोपली की ही मंडळी कर्नाटकातल्या आपल्या वसाहतीतून अकोल्यात येतात आणि मैदानावर बांबू-ताडपत्रीची दुकानं थाटतात. पुढे टोप्या आणि मोजे, मागे स्वेटर आणि जर्किनं. सगळं गाव त्याला 'नेपाळी मार्केट' म्हणतं. बाईंसमोर मात्र म्हणायची सोय नव्हती. एकदा ऑटोवाल्यानं सहज विचारलं, "मावशी, नेपाळी मार्केटजवळच उतरायचं ना?" बाईंनी ऑटो थांबवायला लावला. "नेपाळ येगळा, तिबेट येगळा. तिबेटी मार्केट म्हन, नाई तं मी हितंच उतरतो." भर रस्त्यात! मागे हॉर्न वाजताहेत, आणि तो बिचारा हँडल सोडून म्हणतोय, "तिबेटी, मावशी, तिबेटी! बसा आता!"

(वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे बायकाही 'मी उतरतो', 'मी जातो' असंच म्हणतात. हसू नका.)

आमच्या शाळेत बाई इतिहास-भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. टेबलं शेजारी शेजारी. अंगानं उंच, हाडापेरानं दणकट, आणि आवाज असा की स्नेहसंमेलनात माइक बंद पडला की सगळे बाईंकडे बघत. गाव त्यांचं दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तिथले ग्रामसेवक मला अजूनही फोन करतील. नोकरीपायी सगळं आयुष्य अकोल्यात गेलं, पण मतदारयादीतलं नाव बाईंनी गावातून हलवलं नाही. मतदानाला गावी, ग्रामसभेलाही गावीच.

त्यांना एकाच वाक्याची चीड होती. 'आपल्याले काय करायचं?' हे तीन शब्द कानावर पडले की बाई पेन खाली ठेवायच्या. आणि बाईंनी पेन खाली ठेवलं की आम्ही चहा लवकर संपवायचो! एकदा मीच बोलून बसलो, "बाई, तिबेट कुठं आणि अकोला कुठं! आपल्याला काय करायचं?"

"सर," त्या म्हणाल्या, "आमच्या आज्यानं धम्म घेतला तवा गाव हेच म्हने. ह्या लोकायले काय सुचलं, आपल्याले काय करायचं! आमच्या बाजूनं कोनी एक शब्द बोल्लं नाई हो. त्या शब्दाची आमचा आजा मरेपर्यंत वाट पाहे. मंग आता दुसरं कोनी वाट पाहून राह्यलं, तं मी चूप बसू का?"

मी दुसरा चहा मागवला.

वर्गातही तेच. आशियाचा नकाशा रंगवायला दिला की पोरं तिबेट पिवळा रंगवायची, चीन वेगळा. बाईंचं धोरण स्वच्छ होतं. "पेपरात पुस्तकातलं लिवा अन् मार्क घ्या. डोक्यात तिबेट ठेवा." एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका पोरीचा नकाशा उचलला. "हा पिवळा भाग कोणता?" पोरगी ताठ उभी राहिली, "तिबेट, सर!" साहेबांनी बाईंकडे पाहिलं. "पुस्तकात तर असं नाही." बाई अगदी गरीब चेहरा करून म्हणाल्या, "पुस्तकातलं पेपरात लिवते सर ते. रंग तिच्या सोताच्या पैशाचे हायेत." साहेबांना हसू आवरेना. नकाशा परत देताना ते म्हणाले, "छान रंगवलाय." वर्गानं टाळ्या वाजवल्या, कशाला ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघं मागंपुढं निवृत्त झालो, आणि बाईंना तर मोकळं रानच मिळालं. हिवाळाभर रोज संध्याकाळी बाई पेमाच्या दुकानात. पेमा चाळिशीतली, जन्म इथलाच, हिंदी आपल्यापेक्षा बरी. दुकानाच्या कोपऱ्यात गादीवर तिची म्हातारी आई बसायची, हातात जपमाळ. तिला सगळं मार्केट अम्मा म्हणे. लहान असताना ही अम्मा बर्फातून चालत चालत इकडे आली, ती परत गेलीच नाही. तिला हिंदी जेमतेम, बाईंची हिंदी वऱ्हाडी, मध्ये पेमा दुभाषी. पण दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या की गिऱ्हाईक ताटकळत राही. बाई घरून भाकरी आणि ठेचा न्यायच्या. अम्मा ठेचा खाऊन डोळे पुसत पुसत अजून मागायची. अम्माकडून मिळायचा लोणी आणि मीठ घातलेला चहा. पहिल्यांदा तो प्यायल्यावर बाईंनी माझ्याकडे वळून मत दिलं होतं, "कढीच हाय सर, पन रस्ता चुकली."

अशाच एका डिसेंबरात मीही सोबत होतो. अम्माचे गुडघे पार गेले होते. पेमा म्हणाली, पुढच्या हिवाळ्यापासून आईला आणणार नाही, हा तिचा शेवटचाच फेरा. अम्मा माळ ओढत होती, ती एकाएकी थांबली आणि बाईंना काहीतरी विचारलं. पेमा जरा घुटमळली.

"आई विचारते, इतकी वर्षं तुम्ही येता, आमचा देश आमचा आहे म्हणता. तुमच्याशिवाय इथं दुसरं कोणी म्हणतं का?"

बाई गप्प! इंगळेबाई आणि गप्प! बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी स्वेटरांकडे पाहिलं. अम्मा समजली. हसून हात हलवत काही बोलली. पेमानं सांगितलं, "ती म्हणते राहू द्या. या जन्मात नाही ऐकलं, तर पुढच्या जन्मात ऐकू."

झालं! बाई उसळल्याच. "अगला जनम? अम्मा, अगला जनम-वनम कुछ नहीं रहता! आमच्या बुद्धानं हेच सांगतलं, तुमच्यानं नाई सांगतलं का?"

अम्मालाही चेव आला. "रहता है," ती म्हणाली.

"नहीं रहता!"

"रहता है!"

दोन बौद्ध म्हाताऱ्या पुनर्जन्मावरून हमरीतुमरीवर! गिऱ्हाईकं हातातले मफलर तसेच धरून बघायला लागली. शेवटी बाईंनी अम्माचा हात माळेसकट पकडला. "ठीक हाय अम्मा. तुमाले हाय तं असू दे. मी मानत नाई, म्हनून माह्याजवळ हाच एक जनम हाय. त्याच्यातच करा लागन. तुमी अकोला सोडाच्या आंदी एक अख्खं गाव म्हनन का तिबेट तुमचा हाय. एकटी बाई नाई. गाव!"

परत येताना मी विचारलं, "बाई, गाव कुठून आणणार?" "माहं गाव काय मेलं का?" बाई म्हणाल्या.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, लोकांनी जिलेबी खाल्ली आणि सटकले. गणपूर्ती होईना, सभा तहकूब! बाईंचा फोनवर नुसता संताप. आणि तहकूब सभा ठेवली ती नेमकी कोणत्या दिवशी? ज्या दिवशी संध्याकाळी पेमा आणि अम्माची अकोल्याहून गाडी, त्याच दिवशी सकाळी! मी माझी जुनी मोटार काढली, बाईंना मागे बसवलं, आणि निघालो. मला वाटलं होतं, बाईंची समजूत काढून परत आणायला कोणी तरी लागेल.

ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या. सरपंच वैशालीताई, तिशीतली चुणचुणीत बाई. शेजारी ग्रामसेवक राऊत, गरीब माणूस, समोर प्रोसिडिंगचं रजिस्टर. घरकुल झालं, नाली झाली, स्मशानभूमीचं कुंपण झालं. मग सरपंचताई म्हणाल्या, "ऐनवेळचे विषय," आणि बाई उभ्या.

"ठराव लिवा. तिबेट हा तिबेटी लोकायचा हाय, अन् तो त्यायले परत भेटला पायजे, असं ही ग्रामसभा म्हनते."

राऊतांचं पेन हवेतच राहिलं. "बाई, हा विषय आपल्या अधिकारात येत नाही."

"बोंडअळीचा तरी कोठी येत होता?" सरपंचताई म्हणाल्या. "घेतलाच ना? चर्चा तर होऊ द्या."

मग उठले बापूराव. माजी सरपंच, पांढऱ्या मिशा, आणि माणूस बोलण्यात पक्का. "बाई, तुमाले मी मानतो. पन आपल्या गावाले प्याले गोडं पानी नाई. खारं पानी पिऊन पिऊन घरोघरी मुतखडे. अन् तुमी तिबेट घेऊन बसल्या? दुनियेतले मोठे मोठे देश चूप हायेत, काहून? धंदा करा लागते चीनसंग. तुमच्या हातातला मोबाईल त्यायचा. माहा फवारनीचा पंप त्यायचा. आपला ठराव वाचून चीन का उठून जाईन तिकून?"

लोक हसले. खरं सांगतो, मलाही पटलं! चूक काय बोलत होते ते?

"नाई जाईन," बाई म्हणाल्या. "चीन हलनारबी नाई. पन बापूराव, पंप त्यायचा घेतला म्हनून त्यायचं म्हननंबी इकत घेतलं का?"

"तसं नाई, पन फायदा काय?"

बाई दोन पावलं पुढे आल्या. "तुमचा धुरा कोनं कोरला होता हो?"

धुरा म्हणजे शेताचा बांध. बापूरावांचा धुरा शेजाऱ्यानं दरवर्षी नांगर आत घालून घालून कोरला होता, आणि त्यासाठी बापूराव अमरावतीच्या कोर्टात चपला झिजवून आले होते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"ते काहून काढता आता?" बापूराव म्हणाले.

"साक्षीले कोन कोन गेलं होतं?"

"अख्खं गाव गेलं होतं. तुमचे बाबाबी आले होते."

"मंग धुरा परत भेटला का?"

"नाई भेटला."

"मंग काहून नेलं गावाले? फायदा काय झाला?"

बापूरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग खाली बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "कोनी तरी म्हनलं पायजे ना बाई, का धुरा माहा होता. नाई तं मानसालेच वाटाले लागते, का आपलाच होता का नव्हता."

"राऊत, लिवा!" बाई ओरडल्या. "मी बोलतो त्याच्यापरीस हे चांगलं हाय, हेच लिवा!"

काय सांगू तुम्हाला! सरपंचताईंनी विचारलं, बाजूनं कोण? आधी बायकांचे हात वर गेले. त्यातल्या बेबीबाईंनी तर दोन्ही हात वर केले, त्यांना एक खाली घ्यायला लावला. मग पोरं, मग म्हातारे. विरुद्ध? एकच हात. बापूराव!

"बोल्लो ते खरं," ते म्हणाले, "पन गावाले गोडं पानी येऊ द्या आंदी. तोवर माहा इरोध."

बाईंना राग यावा की नाही? उलट खूश! "बराबर हाय," म्हणाल्या, "इरुद्ध एक, तेबी लिवा."

आता राऊतांची गंमत. बाई डोक्यावर उभ्या, आमची निघायची घाई. राऊत भरभर नक्कल लिहायला लागले, आणि सवयीचा हात तो, गोल शिक्का मारून झाल्यावर बघतो तर शेवटी लिहिलेलं, 'सदर काम तातडीचे असल्याने त्यास मंजुरी देऊन निधी उपलब्ध करून द्यावा, ही विनंती.' तिबेटच्या स्वातंत्र्याला निधी! पंचायत समितीकडून! मी म्हटलं बदलू या, बाई म्हणाल्या राहू द्या, गाडी चुकन.

या कागदाचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचंय. ठराव रीतसर पंचायत समितीत गेला आणि मार्चमध्ये तिथून शेरा आला. 'सदर जागा ग्रामपंचायतीच्या मालकीची आहे काय? सातबारा उतारा जोडावा.' मी तेव्हा मुलाकडे पुण्याला होतो. बाईंनी फोनवर शेरा वाचून दाखवला आणि आम्ही दोघं इतके हसलो की सूनबाई धावत आली. "मग तुम्ही काय कळवलं?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "राऊतले लिवून देलं, का जागा ग्रामपंचायतीची नाई. ज्यायची हाय त्यायच्या ताब्यात नाई. तोच तं वाद हाय." त्यावर काही उत्तर आलं नाही. उन्हाळ्यात बाई गेल्या. मला यायला जमलं नाही. त्यामुळे माझ्यासाठी बाईंचं शेवटचं दर्शन ते त्या संध्याकाळचंच.

तर आम्ही अकोल्याकडे सुटलो. आणि वाटेत काय? जिनिंगच्या कारखान्यापाशी कापसाच्या गाड्यांची ही लांब रांग! रस्ता बंद. मी घड्याळ बघतोय, घाम फुटलेला. बाई दार उघडून खाली उतरल्या, पदर खोचला, आणि थेट रस्त्याच्या मधोमध. "बाजूले घे बापा, बाजूले घे! तिबेट अर्जंट हाय!" ट्रॅक्टरवाल्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला. त्याच्यामागच्यानंही घेतला. बाई गाडीपुढे हात हलवत चालताहेत, मी मागं मागं, आणि सगळ्या ट्रॅक्टरवरून माणसं वाकून बघताहेत. असा रुबाब मी मंत्र्याच्या गाडीचाही पाहिला नाही!

स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी लागलेली. गाठोडी आत गेली होती. खिडकीशी अम्मा. बाई धापा टाकत खिडकीपाशी गेल्या, कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला. पेमा शब्द न् शब्द तिच्या भाषेत सांगत गेली. डब्यातले त्यांचे सगळे लोक उठून खिडकीशी जमले. निधीच्या ओळीला पेमानं डोळे मोठे केले, काय ते विचारलं, आणि मग तिनं ते सांगितल्यावर अख्खा डबा हसला. अम्मा पण. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, उलटा करून पाहिला, मग बाईंना काही विचारलं.

"ती म्हणते, यावर शिक्का आहे, माणसं कुठं आहेत? हात कोणी कोणी वर केले? त्यांची नावं सांगा."

कागदावर नावं नव्हती. सूचक आणि अनुमोदक, बस. गाडीनं शिट्टी दिली.

"बेबीबाई तायडे!" बाईंनी सुरुवात केली.

"बेबीबाई," अम्मा म्हणाली. तिच्या तोंडी ते भलतंच ऐकू आलं, पण म्हणाली.

"वैशालीताई, सरपंच! सुधाकर! सुधाकरची माय, लक्ष्मीबाई!"

गाडी हलली. बाई खिडकीची सळई धरून सोबत चालायला लागल्या. गाडीचा वेग वाढला तशा पळायला लागल्या. वयाची साठी उलटलेली बाई! मी मागून ओरडतोय, "बाई, सोडा, पडाल!" त्यांनी सळई सोडली, पण तोंड थांबलं नाही. "शेख मेहबूब! त्याची पोरगी! पंचफुला! धनराज! अन् बापूराव, इरुद्ध! बापूरावबी घ्या अम्मा!" आणि खिडकीतून अम्माचा आवाज, प्रत्येक नावामागून एकेक, लांब लांब जात चाललेला. बापूरावांचंही नाव तिनं घेतलं, मी ऐकलं.

शेवटचा डबा गेला. बाई धावत धावत फलाटाच्या टोकाला, जिथं उतार लागतो तिथं जाऊन थांबल्या होत्या. मी पोचलो तेव्हा रुळांकडे तोंड करून, दोन्ही हात तोंडाशी धरून त्या ओरडतच होत्या.

"बाई," मी म्हटलं, "गेली गाडी."

"जाऊ द्या ना," बाई म्हणाल्या, "अजून अर्धं गाव राह्यलं!" आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.